‘सगळं गाव भरतं’

पहिल्या जबाबाचं शेवटचं वाक्य माझ्या अक्षरातलं आहे. ‘माझे पतीचे मरणाबाबत माझी कोणावरही तक्रार अगर संशय नाही. वरील जबाब मला वाचून दाखविला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे.’ अकस्मात मृत्यूच्या जबाबात हे इतक्यांदा लिहिलंय, की पान संपत आलं की पेन आपोआप तिकडं वळतं. त्या बाईनं असं काही म्हटलं नव्हतं. जे म्हटलं होतं ते मी लिहिलं नाही.

मी उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांचा, म्हणजे डीवायएसपींचा, रायटर होतो. रायटर म्हणजे लेखनिक हवालदार. साहेब विचारतात, साक्षीदार बोलतो आणि कागदावर जे उतरतं ते रायटरचं मराठी असतं. पुढं कोर्टात पाच-पाच वर्षं त्याच मराठीचा कीस पडतो. निवृत्तीनंतर कधीमधी नव्या पोरांपुढं बोलायला बोलावतात, तेव्हा मी हेच प्रकरण सांगतो. गावाचं, माणसांचं नाव इथं येणार नाही. ओळख पटेल असे तपशील फिरवलेत. आरोपींची जात लिहीत नाही, मराठवाड्यातल्या वाचकाला ती सांगावी लागत नाही. मयत मातंग होता. तेवढं लिहावंच लागेल.

साहेब आरोपींच्याच जातीचे. तपासात जे बिघडलं त्याचं कारण लोकांनी तेच धरलं, आणि तसं धरण्यात त्यांची चूक नव्हती, तोवरचा अनुभवच तसा होता. पण मी रोज साहेबांच्या शेजारी बसत होतो. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे.

या प्रकरणाच्या आदल्या वर्षी, म्हणजे २०१५च्या दुष्काळात, ऐन दिवाळीच्या तोंडावर साहेबांच्या धाकट्या भावानं शेतातल्या लिंबाला गळफास घेतला. आदल्या संध्याकाळी त्याचा फोन आला होता. साहेब क्राइम मीटिंगमध्ये होते, कट केला, उलटा फोन करायचा राहून गेला. त्याला चाळीस हजार हवे होते. हे साहेबांनी मला एकदाच सांगितलं, विश्रामगृहावर, तिसऱ्या ग्लासानंतर. तेरावं झाल्यावर ते ड्यूटीवर हजर झाले आणि संध्याकाळी विश्रामगृहाची खोली उघडून घ्यायला लागले. सकाळी दहाच्या आत महत्त्वाचा कागद त्यांच्यापुढं न्यायचा नाही, असं आम्ही ऑफिसात आपसांत ठरवून टाकलं होतं. वर कुणी कळवलं नाही. त्याला माणुसकी म्हणत होतो.

पहिला दिवस

२०१६चा दसरा होऊन तीन दिवस झाले होते. त्या वर्षाची दोन तोंडं मराठवाड्यातला माणूस विसरणार नाही. एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि सप्टेंबर उलटताना असा पाऊस लागला की ओढेनाले वाहते झाले. दुसरं पाणी माणसांचं. जुलैतल्या कोपर्डीच्या घटनेनंतर ९ ऑगस्टला औरंगाबादेतून मराठा क्रांती मोर्चे सुरू झाले, जिल्ह्याजिल्ह्यात लाखांनी माणूस शांतपणे चालत होता. मागण्यांमध्ये ॲट्रॉसिटी कायद्याचा गैरवापर थांबवा, ही एक. त्याच वर्षी २६ जानेवारीपासून तोच कायदा दुरुस्त होऊन अधिक कडक झाला होता. दोन्ही बाजूंची मनं ताणलेली. वस्तीतलं कुणी कशानंही गेलं की डीवायएसपींनी स्वतः जागेवर जायचं, असा तोंडी आदेश होता. म्हणून साध्या एडीला, म्हणजे अकस्मात मृत्यूला, आम्ही गेलो.

गाव बालाघाटच्या उतारावर. वरच्या अंगाला गायरान, तांबडा मुरूम, कुसळ आणि बाभळी. खाली ओढ्याच्या काठानं काळी. या काळीत जुनी दगडी विहीर, आरोपींच्या भावकीची. मयताची चार एकरांची वहिती वर गायरानात होती, बापाच्या हातची. मोंढ्यात हमाली आणि उरलेल्या वेळात ती चार एकर, असा त्याचा संसार.

पोलीस पाटलानं फोन केला होता. आम्ही पोचलो तेव्हा बाज सोडून प्रेत वर काढलेलं होतं. विहिरीच्या थारोळ्यावर चपलांचा जोड शेजारी शेजारी ठेवलेला, देवळाबाहेर काढावा तसा. साहेब त्या चपलांकडे बराच वेळ बघत उभे राहिले.

“जमादार, जोडीनं काढल्यात. ठरवून केलंय त्यानं.”

त्यांच्या भावाच्या चपलाही लिंबाच्या बुडाशी अशाच जोडीनं होत्या, हे मला नंतर कळलं.

बाईला त्यांनी पहिला प्रश्न केला तो सोयाबीनचा. किती क्विंटल झालं? मग कर्ज किती, सोसायटीचं का बँकेचं? बाई म्हणाली, “आमाला कोन कर्ज देतं साहेब, सातबारा कुठंय आमच्याकडं?” खरंच आहे. गायरान सरकारचं. कसणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर मालक म्हणून येत नाही आणि नाव नाही त्याला पीककर्ज नाही. या एका उत्तरानं कर्जबाजारी शेतकऱ्याची गोष्ट तिथंच मोडायला पाहिजे होती. साहेबांच्या कानात ‘कर्ज’ तेवढं शिरलं. “लिहा, कर्जबाजारीपणा व नापिकीस कंटाळून.” मी लिहिलं. वीस पावलांवर बाईच्या सोयाबीनची गंज ताडपत्रीखाली झाकलेली, तुरी कमरेएवढ्या आलेल्या, आणि मी नापिकी लिहितोय.

मग साहेब खाली वाकून तिला म्हणाले, सरकारची एक लाखाची मदत मी तुम्हाला मिळवून देतो, तहसीलदारांशी मी बोलतो. २००६पासून आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या घरच्यांना ती मदत मिळते, पण तिला नावावर जमीन लागते, थकलेलं कर्ज लागतं. तिच्याकडं दोन्ही नव्हतं. बाई मदतीवर काहीच बोलली नाही. ती म्हणाली,

“पर त्या हिरीवर ते कामून जातील? आमाला तिथं चढू देत न्हाईत साहेब. जल्मात त्या हिरीचं पानी न्हाई पेलो आमी.”

“ताई, माणसाला त्या वेळेला काही सुचत नसतं,” साहेब म्हणाले. “मला माहीत आहे.”

त्यांचे डोळे भरले होते. माझं पेन थांबलं. बाईचं ते दुःखाच्या भरातलं बोलणं आहे असं मी धरलं, आणि जबाबात कुणी दुःख लिहीत नाही.

निष्काळजी अधिकारी ओळखू येतो. तो उशिरा येतो, गाडीतून उतरत नाही, पंचनामा ठाण्यात बसून करतो. त्याला मेमो निघतो, खुलासा मागवतात. साहेब चिखलात गुडघ्यावर बसले होते. त्यांना समोर भाऊ दिसत होता, आणि भावाबद्दल त्यांना सगळं ठाऊक होतं, त्यामुळं समोरच्या बाईला विचारायचं काही शिल्लकच राहिलं नव्हतं. मयताला त्यांनी ‘शेतकरी’ म्हटलं. आयुष्यात त्याला कुणी इतक्या मानानं काही म्हटलं नसेल. पण तेवढ्या एका शब्दात तो कुठल्या वस्तीतला, कुठलं पाणी पिणारा, कुणाच्या डोळ्यात खुपणारा हे सगळं पुसलं गेलं. मी पोरांना हे सांगतो तेव्हा एखादा हमखास विचारतो, मग साहेब जातीयवादी होते का? मी म्हणतो, नव्हते. आणि त्यानं काही फरक पडला नाही.

नऊ दिवस

पीएम, म्हणजे शवविच्छेदन, ग्रामीण रुग्णालयात झालं. कवटीला मागून तडा, छातीत पाणी विशेष नाही. ‘विहिरीच्या दगडावर आपटून असे होऊ शकते का?’ असं आम्ही पत्रानं विचारलं. ‘शक्यता नाकारता येत नाही’ असं उत्तर आलं. प्रश्नच असा होता की दुसरं उत्तर येणार नव्हतं. त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मात्र आपल्या मनानं मांडीचं हाड राखून ठेवलं, डायटम तपासणीसाठी. डायटम म्हणजे पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ. जिवंत माणूस बुडताना पाण्याबरोबर ते फुप्फुसातून रक्तात आणि हाडाच्या मगजापर्यंत जातं. आधीच मेलेल्याच्या मगजात ते पोचत नाही, कारण रक्त फिरवायला काळीज चालू नसतं. त्यासाठी तुलनेला त्याच विहिरीच्या पाण्याचा नमुना लागतो. तो आम्ही घेतलाच नव्हता. घेतला नवव्या दिवशी, तोवर दोनदा पाऊस होऊन गेला होता आणि मोटर चालू होती. अहवाल निरंक आला, आणि बचावाच्या वकिलांनी त्याचं अर्ध्या तासात खोबरं केलं.

त्या नऊ दिवसांत वस्तीतले लोक ठाण्यापुढं येऊन बसले. कमानीवर अण्णाभाऊ साठे नगर असं लिहिलेलं असतं, पण गावात सगळे मांगवाडाच म्हणतात, ती ही वस्ती. बाई मधोमध बसायची, घोषणा देत नव्हती. दुसऱ्या बाजूचे लोक निवेदन घेऊन आले, खोटी केस करायचा डाव आहे म्हणाले. साहेबांनी दोन्हीकडच्यांना सारखंच झापलं, “मयताचं राजकारण करू नका.” आपण निःपक्ष आहोत याचं त्यांना त्या दिवशी समाधान वाटलं असावं.

आठव्या दिवशी ते रजा टाकून गावी गेले. भावाचं वर्षश्राद्ध होतं. नवव्या दिवशी दुपारी परत आले. टोपी न काढताच माझ्या टेबलापुढं उभे राहिले.

“जमादार, ती बाई विहिरीबद्दल काहीतरी म्हणाली होती. लिहिलंय का?”

“नाही साहेब.”

ते काही बोलले नाहीत. पुढं कधीतरी गाडीत त्यांनी सांगितलं. श्राद्धाच्या दिवशी भावजय म्हणाली होती, भाऊजी, ते मरायला गेले तेसुद्धा आपल्याच बांधावर, दुसऱ्याच्या झाडाला हात लावला नाही. ती आपल्या नवऱ्याच्या भिडस्तपणाबद्दल बोलत होती. साहेबांना तिथं जेवता जेवता दुसरी बाई ऐकू आली.

मुद्देमाल कारकुनाला चपला काढायला सांगितल्या. त्यानं त्या रद्दी पेपरात गुंडाळून फळीवर टाकल्या होत्या. सील नाही, लेबल नाही. टायरच्या तळव्याच्या चपला. साहेबांनी उलट्या करून खिडकीपाशी धरल्या. तळाच्या खाचांमध्ये तांबडा मुरूम वाळून बसलेला, बारीक खडे, एक कुसळ अडकलेलं. काळ्या मातीचा कण नाही. ज्यानं काळी बघितली नाही त्याला यातलं काही कळणार नाही. पाऊस पडल्यावर काळीत दहा पावलं चाला, पायतणाखाली दुसरं पायतण चढतं, विसाव्या पावलाला पाय उचलत नाही. तो माणूस गायरानातून आपल्या पायानं त्या विहिरीपर्यंत गेला असता तर चपलेचा रंग ओळखू आला नसता. संध्याकाळी साहेब स्वतः गायरानाच्या कुपापासून, म्हणजे काटेरी कुंपणापासून, विहिरीपर्यंत चालत गेले आणि थारोळ्यावर बसून बूट काढून मला दाखवले. किलोभर चिखल. दोन्ही बूट पंचांसमक्ष मोजून, फोटो काढून पंचनामा केला. चपलांचा आणि दोन्ही जागच्या मातीचा नमुना औरंगाबादच्या प्रयोगशाळेला गेला. चपला कुणीतरी हातात आणल्या होत्या, माणूस खांद्यावर.

दुसरी गोष्ट तलाठी सज्जात सापडली. मयतानं मेला त्या दिवशी सकाळी गाव नमुना १-ईची नक्कल घेतली होती. १-ई म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही. गायरान कसणाऱ्याचा सगळा इतिहास तिच्यातच असतो. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून मराठवाड्यात हा प्रश्न तापत आलाय. १९९१च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९०पर्यंतची अनुसूचित जाती-जमातींची गायरान वहिती नियमित करायचं ठरलं. पण तेव्हापासून कसत होतो हे सिद्ध करायचं कशानं? तर १-ईच्या नोंदीनं आणि सरकारनं केलेल्या दंडाच्या पावत्यांनी. म्हणून या घरांमध्ये दंडाच्या पावत्या दागिन्यासारख्या जपलेल्या असतात. बाईकडं प्लास्टिकच्या पिशवीत सासऱ्याच्या नावच्या सहा पावत्या होत्या, सर्वांत जुनी १९८६ची, घडीवर विरलेली. उलट गावानं २०११चा सर्वोच्च न्यायालयाचा, गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा असा निकाल हाताशी धरला होता. ठराव झाला, आधी गुरं घातली, मग कूप पेटवला. नक्कल घेतली त्या दिवशी मयत मोंढ्यात सगळ्यांना सांगत होता, आता कागद झाला. ती नक्कल ना प्रेताच्या खिशात मिळाली, ना घरात.

त्याच रात्री बाई फिर्यादी झाली. तेव्हाच्या दंड संहितेची ३०२, २०१, ३४, म्हणजे खून, पुरावा नष्ट करणं आणि समान उद्देश, शिवाय ॲट्रॉसिटीचं ३(२)(५). १९९५च्या नियमांतल्या सातव्या नियमाप्रमाणे तपास डीवायएसपीच्या खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही, म्हणून तो साहेबांकडंच राहिला. तो त्यांच्याकडून काढून घ्यायला पाहिजे होता, असं आज वाटतं.

मग दुसऱ्या टोकाला

कारण नऊ दिवस जे झालं त्याची भरपाई साहेबांना तीन दिवसांत करायची होती. बाईनं रागाच्या भरात पाच नावं घेतली. त्यातले दोघं त्या दिवशी गावात होते की नाही हेसुद्धा तपासलं नव्हतं. पाचही जणांना उचललं. तिसऱ्या रात्री साहेब विश्रामगृहावरून थेट ठाण्यात आले. लॉकअपकडून आवाज आला तेव्हा मी रिमांड यादी टाइप करत होतो. टाइप करायचं मी थांबवलं नाही.

आरोपी क्रमांक एकनं पहार काढून दिली. निवेदन पंचनामा, जप्ती पंचनामा, सगळं नियमानं. दुसऱ्या दिवशी त्यानं मॅजिस्ट्रेटपुढं पाठ दाखवली. मेडिकलमध्ये वळ आले. तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम २७खालचा शोध, म्हणजे आरोपीनं काढून दिलेली वस्तू, कितीही खरा असो, जबरदस्तीचा वास आला की कोर्ट त्याला हात लावत नाही. पहार खरीच होती असं मला आजही वाटतं. न्यायालयानं ती विचारात घेतली नाही आणि न्यायालयाचं बरोबर होतं.

डोळ्यांनी बघणारा एकच होता, आरोपींचा सालगडी. पाडव्यापासून पाडव्यापर्यंतची बोली, वर अंगावर उचल. त्यानं मॅजिस्ट्रेटपुढं १६४चा जबाब दिला, दोघांनी माणूस उचलून नेताना पाहिलं म्हणाला. मग ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली. त्यानंतरच्या आठवड्यात त्याच्या जनधन खात्यात ४९ हजार भरलेले दिसले, सगळ्या पाचशेच्या जुन्या नोटा. पन्नास हजारांवर तेव्हा पॅन लागायचा हे भरणाऱ्याला ठाऊक होतं, सालगड्याला ठाऊक असायचं कारण नाही. कुणी भरले ते सिद्ध झालं नाही. कोर्टात तो म्हणाला, मी त्या दिवशी तापानं फणफणलो होतो.

दोषारोपपत्र चौऱ्याऐंशीव्या दिवशी गेलं. नियमात साठ दिवस आहेत, पण नव्वदच्या आत गेलं म्हणून आरोपींना आपोआप जामीन मिळाला नाही, एवढंच. बाईला नियमाप्रमाणे सव्वाआठ लाखांतले निम्मे, ४ लाख १२ हजार ५००, पीएमनंतर मिळायचे. नऊ दिवस ती एडी होती, त्यामुळं फाइल समाजकल्याणकडं उशिरा गेली आणि पुढं आणखी उशिरा सरकली. त्यातल्या फेऱ्या मी मोजल्या नाहीत, तिनं मोजल्या.

कोर्ट

सुनावणी २०२१मध्ये लागली. सुरुवातीलाच मोबाइलच्या सीडीआरवर, म्हणजे कंपनीकडच्या कॉलच्या नोंदींवर, हरकत आली. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं, कंपनीचं ६५-ब चं प्रमाणपत्र जोडलेलं नव्हतं. त्याआधीच्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयानं हे प्रमाणपत्र सक्तीचंच आहे असा निकाल दिला होता. तो अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, म्हणजे आमच्या जालन्याच्या निवडणुकीचा खटला. निकालातच खटला चालू असताना प्रमाणपत्र मागवायची मुभा होती, सरकारी वकिलांनी ते मागवलं, आणि दोन आरोपी त्या रात्री भलत्याच तालुक्यात होते हे त्याच सीडीआरनं दाखवलं. आमच्याच पुराव्यानं आमचे दोन आरोपी सुटले.

बाईच्या साक्षीचा दिवस मला विसरता येत नाही. सरतपासणीत तिनं विहिरीचं सांगितलं. उलटतपासणीला उठलेले वकील तिच्याशी अगदी नरमाईनं बोलले. “मावशी, हे तुम्ही पोलिसांना पहिल्या दिवशी सांगितलं होतं का?”

“सांगितलं होतं की.”

“मग तुमच्या जबाबात का नाही?”

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी साक्षीदारांच्या बाकावर बसलो होतो. वकिलांनी तिला माझं वाक्य वाचून दाखवलं, तक्रार अगर संशय नाही. न सांगितलेली महत्त्वाची गोष्ट म्हणजे विसंगती. नोंद झाली, सुधारणा, म्हणजे साक्षीदारानं मागाहून घातलेली भर. तिची साक्ष संपल्यावर माझी आली. मला विचारलं, बाई म्हणतील तेच लिहिता ना तुम्ही? मी म्हणालो, त्या म्हणाल्या होत्या, मी लिहिलं नाही. बचावाचे वकील हसले. चार वर्षांनी सुचलेलं, म्हणाले. शपथेवर खरं बोललो आणि ते खोट्यासारखं दिसलं.

पोलीस पाटील फितूर होणार हे सगळ्यांनी धरलेलंच होतं. आरोपींच्या भावकीतला माणूस. प्रेत पाहिलं, फोन केला, बाकी मला काही ठाऊक नाही, म्हणाला. सरकारी वकिलांनी परवानगी घेऊन त्याची उलटतपासणी सुरू केली. वयस्कर, सावकाश बोलणारे गृहस्थ, रागावायचे नाहीत. त्यांनी खुनाचं काही विचारलंच नाही. दुष्काळाचं विचारलं. त्या वर्षी उन्हाळ्यात गावाला टँकर लागला का? पाटील खुलला. नाही म्हणाला, आमच्या विहिरीला पाणी होतं. किती माणसं भरायची? पाटलाच्या आवाजात अभिमान आला.

“सगळं गाव भरतं साहेब. कुणाला नाही म्हणत नाही आम्ही.”

“मांगवाडासुद्धा?”

“त्यांना हापसा आहे ना वेगळा.”

पुढं प्रश्न आला नाही. वकिलांनी फक्त न्यायाधीशांना विनंती केली की उत्तर साक्षीदाराच्या शब्दांत, जसंच्या तसं नोंदवावं. पाटलाला आपण काय बोललो हे बाहेर येईपर्यंत कळलं नव्हतं. बाहेर आल्यावरही कळलं की नाही, शंका आहे. त्यानं खोटं कुठं सांगितलं होतं? सगळं गाव भरतच होतं. गाव म्हणताना त्याच्या मनात जी घरं येतात त्यांत ती वस्ती नव्हती. फितूर साक्षीदाराची साक्ष सगळीच्या सगळी फेकायची नसते, जो भाग विश्वासाचा तो घेता येतो. बाईच्या तोंडून जे सुधारणा ठरलं, ते विरुद्ध बाजूच्या माणसाच्या तोंडून पुरावा झालं. ज्या थारोळ्यावर मयत कधी चढला नव्हता, तिथं तो चपला जोडीनं काढून मरायला गेला, ही गोष्ट त्या एका उत्तरानंतर टिकली नाही. मातीचा अहवाल त्याच्या मागं उभा राहिला.

निकालात दोघांना जन्मठेप, तिघं निर्दोष. ॲट्रॉसिटीचं कलमही लागलं, आणि ते का लागलं हे समजून घेण्यासारखं आहे. २००६च्या खैरलांजीत चौघांचे खून सिद्ध झाले, पण हा कायदा ना खालच्या न्यायालयानं लावला ना उच्च न्यायालयानं. तेव्हाच्या कलमात गुन्हा ‘जातीच्या कारणावरून’ झाला हे दाखवावं लागे, आणि आरोपीला जमिनीचं, वैराचं, कशाचंही दुसरं कारण पुढं करता येई. २०१६पासून मयताची जात आरोपीला ‘माहीत असणं’ पुरतं. ओळखीतला माणूस असेल तर ती माहीत होती असं न्यायालय गृहीत धरतं, नव्हती हे आरोपीनं दाखवायचं. इथं बचाव तोच होता, वाद जमिनीचा होता, जातीचा नव्हता. न्यायालयानं म्हटलं, वाद जमिनीचा असेल, पण तो कोण होता हे तुम्हाला माहीत होतं. सार्वजनिक वापराच्या विहिरीपासून अडवण्याचं वेगळं कलमही या कायद्यात आहे. ते लावता आलं असतं. त्यासाठी पहिल्या दिवशीच्या जबाबात एक वाक्य हवं होतं.

अपील औरंगाबाद खंडपीठात आहे.

साहेबांची विभागीय चौकशी झाली. लॉकअपमधल्या मारहाणीबद्दल एक वेतनवाढ रोखली. नऊ दिवसांबद्दल काही झालं नाही. त्याबद्दल तक्रार करायची तर नेमकं काय लिहायचं, हे कुणालाच सुचलं नसावं. निवृत्तीनंतर ते गावी गेले, भावाचं शेत करतात. दारू सुटली असं ऐकतो. फोन केला तर आता पहिल्या रिंगला उचलतात.

निकालाची प्रत द्यायला मीच गेलो होतो बाईकडं. वहिती नियमित करायच्या प्रस्तावाला जोडायची होती तिला. कूप नव्यानं केलेला, तुरी फुलोऱ्यात. तिनं विचारलं, हिरीचं लिहिलंय का यात? मी पान काढलं आणि बोट ठेवून वाचलं, दोनदा. तिनं ते पान कुठलं आहे ते पाहून ठेवलं, कोपरा दुमडला आणि पावत्यांच्या पिशवीत प्रत ठेवून दिली. मग तलाठी नवीन आलाय म्हणाली, बुधवारी भेटतो.